संहिता आणि तालीम : कामिरीथूच्या नाट्यप्रयोगाचा इतिहास

1980 साली नैरोबीच्या हाइनमान प्रकाशनाने 'न्गाहिका न्देंडा' हे गिकुयू भाषेतील नाटक पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. 'मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन' असा त्या शीर्षकाचा साधारण अर्थ. पुस्तक दुकानांतून उघडपणे विकले गेले. 1982 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही आला. याच नाटकाचे प्रयोग केन्याच्या शासनाने 16 नोव्हेंबर 1977 रोजी थांबविले होते, आणि त्याच्या दोन लेखकांपैकी एक, न्गूगी वा थिओंगो, यांना त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी अटक करून जवळजवळ वर्षभर विनाचौकशी स्थानबद्ध ठेवले होते. म्हणजे जी वाक्ये छापण्यास, विकण्यास आणि घरी नेऊन वाचण्यास पुढे हरकत उरली नाही, तीच वाक्ये कामिरीथू नावाच्या गावातील उघड्या रंगमंचावर उच्चारली जाणे शासनास असह्य झाले होते.

या विसंगतीचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण भाषेचे आहे. न्गूगी इंग्रजीत लिहीत होते तोवर शासन स्वस्थ होते. ते शेतकऱ्याच्या भाषेत लिहू लागताच तुरुंगाचे दार उघडले, असे हे स्पष्टीकरण. त्याला आधार आहे. नवश्रीमंत केनियन अभिजनवर्गावर कठोर प्रहार करणारी त्यांची 'पेटल्स ऑफ ब्लड' ही इंग्रजी कादंबरी जुलै 1977 मध्ये प्रकाशित झाली आणि तिच्या प्रकाशनसमारंभास तत्कालीन अर्थमंत्री म्वाइ किबाकी स्वतः उपस्थित होते. परंतु भाषा हेच एकमेव कारण मानले तर 1980 च्या पुस्तकाचा उलगडा होत नाही, कारण तेही गिकुयूतच होते. त्याच वर्षी न्गूगींची पहिली गिकुयू कादंबरी प्रसिद्ध झाली. तुरुंगात असताना शौचालयाच्या कागदावर लिहिलेल्या या कादंबरीच्या प्रतीही खुलेपणाने खपल्या. तेव्हा छापील गिकुयू चालते, बोललेली गिकुयू चालत नाही, हा भेद भाषेच्या पलीकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. तो समजून घ्यायचा तर छापील संहिता क्षणभर बाजूला ठेवून ती ज्या तालमींतून घडली त्यांच्याकडे वळले पाहिजे. कामिरीथूची खरी कृती तालीम ही होती. नाटक हे तिचे एक फलित होते.

कामिरीथू हे नैरोबीपासून सुमारे तीस किलोमीटरवर, लिमुरूच्या परिसरातील गाव. 'गाव' हा शब्द येथे थोडा सावधपणे वापरला पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली ही वस्ती नव्हे. 1952 मध्ये ब्रिटिश वसाहती शासनाने आणीबाणी जाहीर केल्यानंतर माउ माउ बंडखोरांचा जनतेशी असलेला संबंध तोडण्यासाठी विखुरलेली घरे पाडून गिकुयू कुटुंबांना सक्तीने एकत्र कोंबण्यात आले, त्यांतून जी 'आणीबाणीची गावे' निर्माण झाली त्यांपैकी हे एक. 1955 मध्ये न्गूगी वसतिगृहातून सुट्टीत घरी परतले तेव्हा त्यांचे घर जागेवर नव्हते. कुटुंब या नव्या वस्तीत हलविले गेले होते. 1963 मध्ये स्वातंत्र्य आले, कुंपण गेले, वस्ती मात्र राहिली. आता तिचे प्रयोजन निराळे झाले. आसपासच्या चहामळ्यांना आणि लिमुरूच्या बाटा कंपनीच्या जोड्यांच्या कारखान्याला लागणारे स्वस्त मनुष्यबळ तेथे हाताशी होते. भूमिहीन शेतमजूर, अत्यल्प जमीन असलेले शेतकरी, कारखान्याचे कामगार, नैरोबीत शिपायाची वा कारकुनाची नोकरी करून संध्याकाळी परतणारे, आणि बरेच बेकार, असा हा समाज होता.

प्रारंभाची हकीकत न्गूगींनी 1986 च्या 'डीकॉलनायझिंग द माइंड' या ग्रंथात दिली आहे. 1976 मध्ये एका सकाळी कामिरीथूची एक स्त्री त्यांच्या दाराशी आली. तुम्ही फार शिकलेले आहात, पुस्तके लिहिता असे ऐकतो. त्या शिक्षणाचा थोडा वाटा गावाला का देत नाही, असा तिचा रोखठोक प्रश्न होता. गावात पूर्वी एक युवककेंद्र होते, ते मोडकळीस आले होते; ते पुन्हा उभे करावे अशी तिची इच्छा. न्गूगी तेव्हा नैरोबी विद्यापीठाच्या साहित्य विभागाचे प्रमुख होते. विचार करतो, असे त्यांनी सांगितले. ती पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही रविवारी आली, आणि ते येईपर्यंत येत राहिली. नाट्यचळवळींच्या इतिहासात कार्यकर्ता समाजाकडे जातो. येथे समाजाने प्राध्यापकाला बोलावून नेले. हा तपशील केवळ हृद्य म्हणून सांगून सोडून देण्यासारखा नाही, कारण पुढे काय घडले याची अट त्यातच आहे. बोलावणाऱ्याला बोलावलेल्याचे ऐकून घेण्याचे बंधन नसते, आणि त्याला दुरुस्त करण्याचा अधिकार असतो.

या आधी केन्यात लोकांपर्यंत नाटक नेण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. युगांडातील माकेरेरे विद्यापीठाने 1960 च्या दशकात फिरती नाट्यमंडळी सुरू केली होती, आणि नैरोबी विद्यापीठानेही तो मार्ग अनुसरला होता. विद्यार्थी गाडीतून गावोगाव जात, प्रयोग करीत आणि परत येत. हेतू चांगला होता. पण प्रयोग गावात पोहोचेपर्यंत त्यातील सर्व निर्णय विद्यापीठात झालेले असत. राजधानीतील केन्या नॅशनल थिएटर तर 1952 पासून, म्हणजे आणीबाणीच्याच वर्षापासून, प्रामुख्याने गोऱ्यांच्या हौशी मंडळांच्या ताब्यात होते. ऑक्टोबर 1976 मध्ये न्गूगी आणि मिचेरे मुगो यांच्या 'द ट्रायल ऑफ डेडन किमाथी' या नाटकाला तेथे मोजकेच दिवस मिळविण्यासाठी झगडावे लागले; स्वतंत्र देशाच्या राष्ट्रीय रंगभूमीवर त्याच वेळी युरोपीय करमणुकीच्या प्रयोगांना झुकते माप होते. त्या अनुभवाची कडवट चव ताजी असतानाच कामिरीथूचे काम सुरू होते.

काम सुरू झाले ते नाटकाने नव्हे, साक्षरतेने. केंद्राच्या वाट्याला चार एकर जमीन होती आणि तीवर मातीच्या भिंतींची, पडायला आलेली चार खोल्यांची एक बराक. तीत प्रौढसाक्षरतेचे वर्ग 1976 च्या उत्तरार्धात भरू लागले. त्यांची आखणी न्गूगी वा मिरी यांची. ते नैरोबी विद्यापीठाच्या विकास-अध्ययन संस्थेत काम करीत होते आणि पाउलो फ्रेरे या ब्राझीलच्या शिक्षणचिंतकाच्या पद्धतीचा त्यांच्यावर प्रभाव होता. अक्षरे शिकविण्यासाठी बालबोध चित्रपुस्तक न घेता शिकणाऱ्याच्या जगण्यातील कळीचे शब्द घ्यावयाचे, त्या शब्दांवर चर्चा घडवावयाची आणि चर्चेतून वाचन घडवावयाचे, ही ती पद्धती. जमीन, मजुरी, लग्न, दारू, देऊळ अशा शब्दांवर प्रौढ माणसे बोलू लागली म्हणजे ती आपले चरित्र सांगू लागतात. संहितेची पहिली सामग्री या चरित्रकथनांतून मिळाली. (फ्रेरेच्याच प्रेरणेने 1973 मध्ये पेरूच्या साक्षरतामोहिमेत आउगुस्तो बोआल यांनी नाट्यखेळांचा उपयोग केला होता. जगाच्या दोन टोकांना साक्षरतेच्या वर्गाचे नाट्यशाळेत रूपांतर व्हावे हा योगायोग नव्हे. दोन्हींचे बीज एकाच विचारात होते.)

केंद्राने नाटक करावयाचे ठरविले आणि लेखनाचे काम दोन न्गूगींवर सोपविले. 'सोपविले' हे क्रियापद महत्त्वाचे आहे. 1977 च्या पूर्वार्धात त्यांनी एक कच्चा आराखडा आणला. कथानक साधे आहे. किगूंडा हा शेतमजूर. दीड एकर जमीन त्याच्या नावावर आहे आणि तिचे खरेदीखत त्याने भिंतीवर चौकटीत लावले आहे. त्याचा मालक किओई हा धर्मनिष्ठ, धनाढ्य. मालकाचा मुलगा किगूंडाच्या मुलीला, गाथोनीला, फिरवतो आणि गर्भवती करून सोडतो. किओई कुटुंब किगूंडा आणि त्याची बायको वांगेची यांच्या मनात भरवते की चर्चमध्ये न झालेले त्यांचे लग्न हे पाप आहे. ते पुन्हा विधिवत झाले पाहिजे. त्या लग्नाच्या खर्चासाठी खरेदीखत बँकेत गहाण पडते आणि अखेर जमीन किओईच्या आणि त्याच्या परदेशी भागीदारांच्या घशात जाते. शेजारचा गिचांबा हा कारखान्याचा कामगार या सगळ्याचे भाष्य करतो.

आराखडा ऐकल्यावर गावाने त्याची दुरुस्ती सुरू केली. म्हातारा माणूस असे बोलत नाही, त्याला प्रतिष्ठा द्यायची असेल तर त्याच्या तोंडी अमुक तऱ्हेची म्हण आली पाहिजे, असे आक्षेप निघाले. विवाहविधीचा क्रम लेखकांना धड ठाऊक नव्हता; तो ज्यांनी प्रत्यक्ष केला होता त्यांनी सांगितला, आणि सांगताना तो करून दाखविला. नाटकातील गितीरो या पारंपरिक गायनप्रकाराचा संपूर्ण भाग गावातील एका निरक्षर स्त्रीने शब्दशः सांगितला आणि लेखकांनी तो उतरवून घेतला. नैरोबी विद्यापीठाच्या साहित्य विभागाचा प्रमुख एका शेतकरी स्त्रीचा लेखनिक झाला. बाटा कारखान्याच्या एका विभागातील कामगारांनी बसून हिशेब मांडला: एकूण सुमारे 3,000 कामगारांच्या महिन्याभराच्या पगाराइतक्या किमतीचे जोडे ते एका दिवसात तयार करतात, मग उरलेले एकोणतीस दिवस ते कोणासाठी राबतात? कारखान्यात कधीही पाऊल न टाकलेल्या लेखकांना समजावे म्हणून केलेले हे गणित गिचांबाच्या भाषणांत उतरले. समीक्षकांना ही भाषणे प्रचारकी वाटली आहेत, आणि पुस्तकात वाचताना ती तशी वाटतातही. पण ज्या प्रेक्षकांपैकी काहींनी ते गणित स्वतः केले होते त्यांच्यासमोर ते बोलले जाणे ही निराळीच गोष्ट आहे. प्रचारात वक्त्याला उत्तर माहीत असते आणि श्रोत्याला नसते. येथे ही विभागणीच नव्हती.

नाटकाच्या साधनसामग्रीलाही हाच न्याय लागू झाला. माउ माउ लढ्याच्या प्रसंगासाठी खोट्या बंदुका लागत होत्या. त्या ज्याने बनविल्या तो इसम पन्नाशीच्या दशकात जंगलातील लढवय्यांना खऱ्या बंदुका बनवून देणारा निघाला. रंगमंचावरील वस्तू आणि इतिहासातील वस्तू यांमध्ये एरवी जे प्रतिनिधित्वाचे अंतर असते ते येथे एकाच माणसाच्या दोन हातांत मिटले होते. सिद्धान्तचर्चेत 'प्रतिरूपण' हा शब्द सहजगत्या वापरणाऱ्यांनी या बंदुकांचा विचार करण्यासारखा आहे.

5 जून 1977 रोजी तालमी सुरू झाल्या. दिग्दर्शन किमानी गेचाऊ यांचे. तेही नैरोबी विद्यापीठात अध्यापक होते. तालमी शनिवारी-रविवारी दुपारी होत, कारण इतर दिवशी नट कामावर असत. मराठीत 'नाट्यशिबिर' म्हटले की वाचिक, आंगिक, सुधारित प्रवेश असा एक अभ्यासक्रम डोळ्यांसमोर येतो: एक जाणकार मार्गदर्शक, समोर शिबिरार्थी, अखेरीस सादरीकरण. कामिरीथूमध्ये अभ्यासक्रम असा नव्हता. असलाच तर तो उघडेपणाचा होता. नटांची निवड उघड्यावर होई, तालीम उघड्यावर होई, आणि येणारा-जाणारा थांबून पाही, टोके, करून दाखवी. न्गूगींनी प्रांजळपणे नोंदविले आहे की प्रारंभी हे मोकळ्या माळामुळे नाइलाजाने झाले. बंद दार नव्हतेच. पुढे मात्र त्याला तत्त्वाचे रूप आले. कलात्मक प्रश्नही सर्वांनी मिळून सोडवावेत, ही पद्धत संथ आणि कधी कधी गोंधळाची असली तरी तिच्यातून निघणारी कृती सरस असते, असा विश्वास तयार झाला. नाटकाचा पहिला प्रयोग होण्यापूर्वीच गावातील अनेकांना संवाद आणि गाणी पाठ झाली होती.

याच काळात गावकऱ्यांनी नाट्यगृह बांधले. काड्यापेटीच्या काड्यांची प्रतिकृती करून आधी त्याची रचना ठरविण्यात आली. अर्धवर्तुळाकार उंचवटा हा रंगमंच. त्यामागे बांबूची अर्धवर्तुळाकार भिंत, तिच्या मागे कपडे बदलण्यासाठी व सामान ठेवण्यासाठी तीन खोल्यांचे लहान घर. समोर पायऱ्यांसारखी चढत जाणारी लाकडी बाके, सुमारे 2,000 प्रेक्षकांसाठी. छप्पर नाही. रंगमंच आणि प्रेक्षागार इतके सलग होते की नट दोन्हींतून सहज फिरत. प्रेक्षागारामागे उंच निलगिरीची झाडे होती, आणि एका प्रयोगात काही नटांनी, तालमीत न ठरविलेले, ऐन वेळी सुचून त्या झाडांवर चढून वरून गाण्यात सूर मिळविला. ज्या नाटकाची तालीमच कधी बंद झाली नव्हती त्याचा प्रयोग पूर्णपणे बांधीव असण्याचे कारण नव्हते.

2 ऑक्टोबर 1977 रोजी पहिला प्रयोग झाला. पुढील सहा आठवडे लोक दूरदूरच्या गावांहून भाड्याच्या मोटारी करून येत राहिले. 16 नोव्हेंबरला परवाना काढून घेण्यात आला. ही कारवाई नेमकी कशावर झाली हे पाहण्यासारखे आहे. शासनाने संहितेतील आक्षेपार्ह वाक्यांची यादी दिली नाही, कापाकापी सुचविली नाही. केंद्रात सार्वजनिक मेळावा भरविण्याचा परवाना तेवढा रद्द केला. मराठी वाचकाच्या परिचयाची नाट्यनियंत्रणाची रीत याच्या उलट आहे. आपल्याकडे परिनिरीक्षण मंडळासमोर संहिता जाते, वाद शब्दांवर होतो. 1972 मध्ये 'सखाराम बाइंडर'वरून कमलाकर सारंग न्यायालयात गेले तेव्हाही तंटा संहितेतील काटछाटीचा होता. अशा व्यवस्थेत शासनही एका अर्थाने साहित्यसमीक्षकच असते: अर्थ संहितेत आहे असे ते धरून चालते. केन्याच्या अधिकाऱ्यांनी तशी भाबडी समजूत करून घेतली नाही. अर्थ जमण्यात आहे हे त्यांना अचूक कळले होते, आणि बहुतेक समीक्षकांच्या आधी कळले होते.

म्हणूनच 1980 चे पुस्तक त्यांना चालले. पुस्तक एकेकट्याने विकत घेतले जाते. अर्थात हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही. न्गूगींची 'मातिगारी' ही गिकुयू कादंबरी 1986 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1987 च्या प्रारंभी पोलिसांनी दुकानांतून तिच्या प्रती जप्त केल्या. म्हणजे छापील गिकुयू पुस्तकही नेहमीच सुरक्षित नव्हते. पण त्या जप्तीमागची कथा प्रसिद्ध आहे: मातिगारी नावाचा कोणी माणूस देशभर सत्य आणि न्याय यांविषयी प्रश्न विचारीत फिरतो आहे, असे गावोगाव बोलले जाऊ लागले होते, आणि तो कादंबरीतील नायक आहे हे शासनाला मागाहून कळले. तेव्हा तेथेही भय वाटले ते पुस्तक चारचौघांच्या बोलण्यात उतरल्यावरच.

तालीम ही कृती आणि संहिता हे तिचे फलित, असे म्हटले की लेखकत्वाचा प्रश्न टाळता येत नाही. 'न्गाहिका न्देंडा'च्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. दोन्ही सुशिक्षित पुरुषांची. गितीरोचा भाग सांगणाऱ्या स्त्रीचे नाव तेथे नाही. पहिल्या रविवारी दाराशी आलेल्या स्त्रीचेही श्रेय हकीकतीपुरतेच उरते. न्गूगींनी हे ऋण पुनःपुन्हा आणि मनापासून मान्य केले आहे, याविषयी शंका नाही. पण मान्य करणे आणि नावे देणे यांत फरक आहे, आणि छपाईची व्यवस्था सामूहिक निर्मितीला दोन कर्त्यांच्या मापात बसवते ती अशी. दुसरी अडचण साधनांची आहे. कामिरीथूविषयी जे माहीत आहे त्याचा बराच मोठा भाग न्गूगींच्याच लेखनातून, 1981 चे 'डिटेन्ड' आणि वर उल्लेखिलेला ग्रंथ यांतून, येतो. ते लेखन स्थानबद्धता आणि निर्वासन यांच्या छायेत झाले आहे. त्यात गावातील एकजूट ठळक आहे आणि गावातील भांडणे पुसट. साक्षर होऊ पाहणाऱ्या मजुरांच्या आणि प्राध्यापकांच्या सहवासात ताण निर्माण झाले नसतील असे मानणे कठीण आहे. भाषेची मर्यादाही होती: गिकुयूची निवड शेतकऱ्याला जवळ आणणारी होती तशीच केन्यातील इतर भाषिकांना बाहेर ठेवणारीही होती. पुढील नाटकात निरनिराळ्या केनियन भाषांतील गाण्यांची योजना झाली, त्यावरून ही मर्यादा कामिरीथूच्या मंडळींनाही जाणवली असावी.

ते पुढील नाटक म्हणजे 'माइतू न्जुगिरा': 'आई, माझ्यासाठी गा'. काळ 1930 च्या सुमाराचा. वसाहती मजूरकायदे आणि ओळखपत्राची सक्ती हा विषय. फेब्रुवारी 1982 मध्ये ते केन्या नॅशनल थिएटरमध्ये व्हावयाचे होते. परवाना मिळाला नाही. नट आले तेव्हा दारे बंद होती आणि बाहेर पोलीस होते. मग मंडळी विद्यापीठाच्या एका सभागृहात गेली आणि तेथे तालमी करू लागली. येथे कामिरीथूच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण घटना घडते. तालीम उघडीच असावयाची हा त्यांचा प्रघात; तालमीला परवाना लागत नाही. लोक तालमीला येऊ लागले. रोज सभागृह भरून माणसे पायऱ्यांवर, खिडक्यांत, बाहेर उभी राहू लागली. सुमारे दहा तालमींना मिळून दहा हजारांहून अधिक माणसे आली. प्रयोग एकही झाला नाही, आणि तरीही हजारो लोकांनी नाटक पाहिले. मग विद्यापीठाचे दारही बंद करण्यात आले.

11 मार्च 1982 रोजी कामिरीथूचे केंद्र बेकायदा ठरविण्यात आले आणि त्या भागातील सर्व नाट्यविषयक हालचालींना मनाई झाली. दुसऱ्या दिवशी तीन ट्रक भरून सशस्त्र पोलीस आले आणि त्यांनी ते उघडे नाट्यगृह जमीनदोस्त केले. 1955 मध्ये ज्या परिसरातील घरे परक्या शासनाने पाडली होती तेथे सत्तावीस वर्षांनी स्वकीय शासनाने बाके आणि बांबूची भिंत पाडली.

'माइतू न्जुगिरा'ची संहिता छापील स्वरूपात वाचकांपुढे आली नाही. स्वीडिश अभ्यासक इंग्रीड ब्यर्कमन यांनी 1989 मध्ये या नाटकावर पुस्तक लिहिले तेव्हा त्यांना मुख्यतः प्रेक्षकांच्या मुलाखतींवर विसंबावे लागले. नाट्यसमीक्षेच्या दृष्टीने हे पुस्तक जितके लक्षात घेतले जावयास हवे तितके घेतले गेलेले नाही. संहिता समोर ठेवून प्रयोगाची कल्पना करणे ही समीक्षेची अंगवळणी पडलेली पद्धत. येथे तालमीला आलेल्यांच्या स्मरणातून नाटक उभे करावे लागले, आणि ते बऱ्याच प्रमाणात उभे राहिले.

1982 नंतर न्गूगी इंग्लंडात आणि पुढे अमेरिकेत गेले. 2025 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. न्गूगी वा मिरी आणि किमानी गेचाऊ झिंबाब्वेत गेले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या त्या देशात त्यांचे स्वागत झाले. ऑगस्ट 1983 मध्ये मुरेवा येथे विकासासाठी रंगभूमी या विषयावर निरनिराळ्या आफ्रिकी देशांतील कार्यकर्त्यांची मोठी कार्यशाळा भरली. न्गूगी वा मिरी तीत होते. 1986 मध्ये त्यांनी झिंबाब्वेतील समाजाधिष्ठित नाट्यमंडळांची संघटना उभारली आणि 2008 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच काम केले. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कामिरीथू आणि मुरेवा यांमधला फरक वेळेच्या हिशेबातच दिसतो. कामिरीथूमध्ये साक्षरतेच्या पहिल्या वर्गापासून पहिल्या प्रयोगापर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला, तोही कामाच्या सुट्टीच्या दिवसांचा. मुरेवाची कार्यशाळा काही आठवड्यांत आटोपली. बाहेरून आलेले शिबिरार्थी गावात जातात, प्रश्न गोळा करतात, त्यांचे प्रवेश बसवतात, गावापुढे सादर करतात, चर्चा करतात आणि निघतात, हा साचा पुढे आफ्रिकेतच नव्हे तर आपल्याकडच्याही आरोग्य, स्वच्छता, कुटुंबनियोजन अशा विषयांवरील नाट्यकार्यशाळांत रूढ झाला. त्याला शासनाचा आणि देणगीदार संस्थांचा पाठिंबा सहज मिळतो. शासनाने तो परवाना कधी काढून घेतल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. दोन आठवड्यांत प्रश्न गोळा करता येतात. बाटाच्या कामगारांनी मांडला तसा हिशेब मांडण्यास लागणारी सवड त्यांत नसते, आणि लेखकाला म्हाताऱ्याचे बोलणे चुकले असे सांगण्याइतकी सलगीही नसते.

कामिरीथूच्या त्या जागेवर पुढे तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. मे 2022 मध्ये 'न्गाहिका न्देंडा'चे प्रयोग नैरोबीत पुन्हा झाले, काही गिकुयूत आणि काही इंग्रजीत. स्थळ होते केन्या नॅशनल थिएटर, म्हणजे 1982 मध्ये ज्याची दारे कामिरीथूच्या नटांसाठी बंद होती तेच. प्रेक्षक तिकिटे काढून आत गेले, संहिता तीच होती, आणि प्रयोग ठरल्या तारखांना पार पडले.